चोपन्न चेंडूंचं शून्य

जून २०२२, बंगळुरू. रणजी करंडकाचा उपांत्य सामना, मुंबई विरुद्ध उत्तर प्रदेश. मुंबईच्या दुसऱ्या डावात एका टोकाला पृथ्वी शॉ गोलंदाजी फोडून काढत होता आणि दुसऱ्या टोकाला यशस्वी जैस्वाल भोपळा घेऊन उभा होता. सलामीची भागी ६६ धावांची झाली. त्यातल्या ६४ एकट्या शॉच्या, उरलेल्या दोन अवांतर. शॉ बाद होऊन गेला तरी जैस्वालच्या नावापुढे शून्यच होतं. चोपन्नाव्या चेंडूवर त्याचं खातं उघडलं, तेव्हा ड्रेसिंग रूममधून टाळ्या पडल्या आणि या पठ्ठ्यानं शतक ठोकल्याच्या थाटात बॅट उंचावून दाखवली. पहिल्या डावात त्यानं शतक केलं होतं. हा दुसरा डाव १८१ वर जाऊन थांबला.

त्यानंतर अकरा महिन्यांनी, ११ मे २०२३ ला, ईडन गार्डन्सवर राजस्थान रॉयल्ससमोर दीडशे धावांचं लक्ष्य होतं. कोलकात्याचा कर्णधार नितीश राणा यानं पहिलं षटक स्वतःच टाकायला घेतलं. जैस्वालनं त्यात २६ धावा वसूल केल्या आणि तेराव्या चेंडूवर अर्धशतक पूर्ण केलं. आयपीएलमध्ये त्याआधी इतक्या कमी चेंडूंत कुणाचंही अर्धशतक झालेलं नव्हतं.

या खेळाडूबद्दल मला जे सांगायचं आहे ते या दोन डावांत जवळजवळ सगळं आहे. दोन्हीकडे माणूस एकच, पहिल्यात वय वीस आणि दुसऱ्यात एकवीस. सामन्याचा प्रकार वेगळा, हे उघड आहे. पण हल्लीची बहुतेक तरुण मुलं यातला एकच खेळ खेळू शकतात आणि दुसऱ्याची वेळ आली की त्यांचा जीव गुदमरतो. जैस्वालला दोन्ही जमतात. आणखी एक गोष्ट आहे, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. हे दोन्ही खेळ तो एकाच कसोटी डावात, एकाच दुपारी खेळू शकतो. पुढच्या पानांत त्याचे डाव एकामागून एक येतीलच. ते वाचताना धावफलकापेक्षा गिअर बदलण्याच्या जागांवर नजर ठेवावी, इतकंच सुचवण्यासाठी ही प्रस्तावना. आकडे २०२५ अखेरपर्यंतचे धरले आहेत.

आता पाणीपुरी. जैस्वालवर लिहायचं आणि पाणीपुरी टाळायची हे मराठी पत्रकारितेत अजून कुणाला साधलेलं नाही, मलाही साधणार नाही. म्हणून ती आधीच उरकून घेतो. २८ डिसेंबर २००१ चा त्याचा जन्म, उत्तर प्रदेशातल्या भदोही जिल्ह्यातल्या सुरियावाँचा. वडिलांचं तिथं छोटंसं दुकान. क्रिकेट खेळायचं म्हणून दहा-अकरा वर्षांचा असताना मुंबईत आला. काळबादेवीतल्या एका डेअरीत राहायची सोय झाली. दिवसभर खेळून दमलेला पोरगा कामाला हात लावायच्या आधीच झोपून जायचा, म्हणून एके दिवशी त्याचं सामान बाहेर आलं. मग आझाद मैदानात मुस्लिम युनायटेड क्लबच्या तंबूत, माळ्यांच्या सोबतीनं, जवळजवळ तीन वर्षं काढली. रामलीलेच्या दिवसांत मैदानात पाणीपुरी विकायला मदत केली. २०१३ च्या अखेरीस ज्वाला सिंग या प्रशिक्षकांच्या नजरेला तो पडला. तेही क्रिकेटपटू होण्यासाठी गोरखपूरहून मुंबईत आलेले. त्यांनी त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं आणि घडवलं.

कथा खरी आहे आणि कुणालाही भिडावी अशीच आहे. माझी तक्रार तिच्या वापराबद्दल आहे. पाणीपुरीचा उद्योग थोड्या दिवसांचा होता, तंबू तीन वर्षांचा होता आणि नेट्समधला घाम त्याहून किती तरी जास्त. तरी प्रत्येक शतकानंतर मथळ्यात पाणीपुरी येते. खुद्द ज्वाला सिंगांनीही या अतिरेकाबद्दल जाहीर नाराजी दाखवली आहे. गरिबीतून धावा निघतात, असा एक समज अशा मथळ्यांतून पसरतो. तसं असतं तर आझाद मैदानानं आजवर दोन-तीनशे कसोटीवीर दिले असते. तिथं उपाशी पोटी खेळणाऱ्या मुलांची वाण कधीच नव्हती.

तंबूनं त्याला दिलं ते वेगळंच, आणि ते क्रिकेटच्या भाषेत मोजता येतं. तंबूनं त्याला चोवीस तास मैदान दिलं. सीएसएमटीतून बाहेर पडून महापालिकेची इमारत ओलांडली की समोर हे मैदान पसरलेलं दिसतं. एकाला लागून एक खेळपट्ट्या. एका सामन्याचा कव्हर दुसऱ्या सामन्याच्या थर्डमॅनला पाठ लावून उभा. कुणाचा चेंडू कुणाकडे गेला यावरून रोजची बाचाबाची. खेळपट्टी ठणठणीत कधीच नसते. एखादा चेंडू घोट्यावर येतो, त्याच टप्प्यावरचा पुढचा हनुवटीवर. अशा ठिकाणी दिवसाला एक-दोन तास खेळणारी मुलं आणि सकाळी उठल्यावर पहिल्यांदा खेळपट्टीच दिसणारा मुलगा यांच्यात फरक पडणारच. चेंडू उसळल्यावर हात आयत्या वेळी सैल सोडायचे, बॅट शरीराजवळ ठेवायची, हे त्याला कुणी फळ्यावर लिहून शिकवलं नसावं.

याच मैदानाच्या दक्षिण टोकाला बॉम्बे जिमखाना आहे. भारतभूमीवरची पहिली कसोटी डिसेंबर १९३३ मध्ये तिथंच झाली आणि लाला अमरनाथांनी भारताचं पहिलं कसोटी शतक तिथंच काढलं. सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांची १९८८ ची ६६४ धावांची शालेय भागीदारी याच मैदानातली. २०१३ मध्ये हॅरिस शिल्डमध्ये पृथ्वी शॉनं ५४६ केल्या त्याही इथल्याच. म्हणजे जैस्वालच्या तंबूभोवती जी हवा होती ती लांबलचक डावांची हवा होती. २०१५ मध्ये गाइल्स शिल्डच्या सामन्यात त्यानं नाबाद ३१९ धावा केल्या आणि वर ९९ धावांत १३ बळीही घेतले. लिम्का बुकात नोंद झाली. लेगस्पिन तो अजूनही टाकतो, पण त्याबद्दल फार बोलण्यासारखं काही नाही.

मुंबईच्या क्रिकेटला ‘खडूस’ म्हणतात. हे विशेषण आता टीशर्टवर छापण्याइतकं स्वस्त झालं असलं तरी त्यामागचा हिशोब साधा आहे. शतक झालं की नव्यानं गार्ड घ्यायचा. आपण बाद झालो तर पुढचा करेल, हा विचार डोक्यात येऊ द्यायचा नाही. विजय मर्चंटांपासून गावसकर, वेंगसरकर, संजय मांजरेकर, वसीम जाफरपर्यंत ही शाळा चालत आली. जैस्वालच्या कसोटी शतकांचे आकडे बघा : १७१, २०९, नाबाद २१४, १६१, १०१, ११८, १७५. सातपैकी पाच वेळा दीडशेच्या पार. शतकाशी पोचल्यावर समाधान मानणाऱ्याची ही यादी नव्हे. ऑक्टोबर २०१९ मध्ये विजय हजारे करंडकात झारखंडविरुद्ध त्यानं २०३ केल्या, तेव्हा त्याला अठरावं पुरं व्हायचं होतं. मर्यादित षटकांच्या अधिकृत सामन्यांत एवढ्या लहान वयात द्विशतक जगात कुणाचं नव्हतं. मार्च २०२३ मध्ये इराणी करंडकात शेष भारताकडून मध्य प्रदेशविरुद्ध एकाच सामन्यात २१३ आणि १४४. कसोटी संघाचं दार त्यानं ठोठावलं नाही, चांगलं धडका देऊन उघडायला लावलं.

जुलै २०२३ मध्ये डॉमिनिकातल्या रोसो इथं ते उघडलं. पदार्पणातच १७१ धावा, त्यासाठी ३८७ चेंडू, रोहित शर्माबरोबर २२९ ची सलामी. त्या डावात षटकार फक्त एक होता, हे लक्षात ठेवा. आदल्याच आयपीएल मोसमात ६२५ धावा कुटणारा, वानखेडेवर मुंबई इंडियन्सविरुद्ध ६२ चेंडूंत १२४ करणारा हा मुलगा. त्या वानखेडेच्या सामन्यात राजस्थानच्या दुसऱ्या एकाही फलंदाजाला वीस धावा जमल्या नव्हत्या. (सामना तरी मुंबईनंच जिंकला. शेवटच्या षटकात टीम डेव्हिडनं सलग तीन षटकार मारले आणि आझाद मैदानापासून चालत वीस मिनिटांवर झालेलं ते शतक पराभूत बाजूला गेलं.) अशा फलंदाजानं कसोटी पदार्पणात मोह आवरून आठ-साडेआठ तास एक षटकार मारून काढले. पुढच्या सात महिन्यांत काय होणार आहे, याचा अंदाज त्या डावावरून कुणालाही बांधता आला नसता.

फेब्रुवारी २०२४ मध्ये इंग्लंड भारतात होतं. विशाखापट्टणमच्या दुसऱ्या कसोटीत जैस्वालनं २०९ केल्या. त्या डावात भारताची एकूण धावसंख्या ३९६ आणि त्याच्या खालोखाल धावा शुभमन गिलच्या, ३४. म्हणजे अर्ध्याहून अधिक डाव एकट्यानं ओढला. तिसरी कसोटी राजकोटला. तिथल्या त्याच्या दुसऱ्या डावावर जरा थांबायला हवं, कारण त्याची फलंदाजी समजून घ्यायला याहून चांगला धडा नाही.

तिसऱ्या दिवशी भारत १२६ धावांची आघाडी घेऊन दुसरा डाव खेळायला उतरला. रोहित लवकर गेला. जैस्वालनं पहिल्या ७३ चेंडूंत ३५ धावा केल्या. फिरकीला पुढे येऊन दाबून खेळणं, अँडरसनचा बाहेरचा चेंडू सोडून देणं, एकेरी-दुहेरी घेणं. समालोचकही कंटाळले असावेत. मग अँडरसनच्या एका षटकात एक षटकार आणि दोन चौकार आले आणि डावाचा रंगच पालटला. हार्टलीला स्वीप, रूटला रिव्हर्स स्वीप, रेहान अहमदला पुढे सरसावून डोक्यावरून. १२२ चेंडूंत शतक झालं. म्हणजे पहिल्या ३५ ला ७३ चेंडू आणि पुढच्या ६५ ला ४९. त्यानंतर पाठीत उसण भरली आणि १०४ वर त्याला मैदान सोडावं लागलं. चौथ्या दिवशी गिल बाद झाल्यावर तो परत आला आणि पुढचे १०३ चेंडू खेळून आणखी ११० धावा काढल्या. सातशे बळींच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या, वय ४१ च्या जेम्स अँडरसनला त्यानं सलग तीन षटकार मारले. एक लेगला, एक कव्हरवरून, एक थेट समोर. तीन वेगळे चेंडू, तीन वेगळ्या दिशा. गोलंदाजानं क्षेत्ररक्षण कसं लावावं? डावातले बारा षटकार म्हणजे वसीम अक्रमच्या १९९६ मधल्या विक्रमाशी बरोबरी. समोर सर्फराझ खान पदार्पणातलं दुसरं अर्धशतक करत होता. दोघेही आझाद मैदानाचं पाणी प्यायलेले. इंग्लंड ४३४ धावांनी हरलं.

बेन डकेट तेव्हा म्हणाला की प्रतिस्पर्धी अशी आक्रमक फलंदाजी करू लागले तर त्याचं थोडं श्रेय इंग्लंडच्या शैलीलाही घ्यायला हरकत नाही. त्याला खरमरीत उत्तर इंग्लंडच्याच माजी कर्णधारानं, नासिर हुसेननं दिलं : हा मुलगा तुमच्याकडून काही शिकलेला नाही, तो शिकला ते त्याच्या वाढण्यातून, खाल्लेल्या खस्तांतून आणि आयपीएलमधून. हुसेनचं म्हणणं मला पटतं, फक्त त्यात मी एक भर घालीन. खस्तांनी चोपन्न चेंडू थांबायची ताकद दिली असेल. षटकार मात्र शिकावा लागतो, आणि तो त्यानं रीतसर शिकला. राजस्थान रॉयल्सनं नागपूरजवळ तळेगावला सराव केंद्र उभं केलं आहे. तिथं मुंबईचेच जुने सलामीवीर झुबिन भरुचा यांच्या देखरेखीखाली त्यानं एकेक फटका शेकड्यानं घोटला. दिवसभर एकच कट, दुसऱ्या दिवशी एकच रिव्हर्स स्वीप. हे काम रटाळ असतं आणि त्यावर सिनेमा निघत नाही. पण विदर्भातल्या उन्हातली ती घोटाई राजकोटच्या बारा षटकारांत उतरली.

त्या मालिकेत त्याच्या एकूण धावा ७१२. एका कसोटी मालिकेत सातशेचा टप्पा ओलांडणारा भारतीय त्याआधी एकच होता, सुनील गावसकर. त्यांनी हे दोनदा केलं, १९७१ मध्ये ७७४ आणि १९७८-७९ मध्ये ७३२, दोन्ही वेळा वेस्ट इंडिजविरुद्ध. पण जुन्या मुंबईकरांना त्या दिवसांत गावसकरांपेक्षा दुसरंच नाव आठवलं असणार. लागोपाठच्या दोन कसोटींत द्विशतकं करणारा पहिला भारतीय विनोद कांबळी. १९९३ मध्ये वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध २२४, मग दिल्लीत झिम्बाब्वेविरुद्ध २२७. तोही डावखुरा, तोही मुंबईचा, तोही हलाखीतून आलेला, तोही फिरकीवर तुटून पडणारा. मधे कोहलीनं हे केलं आणि मग जैस्वालनं. कांबळीची कसोटी सरासरी ५४ च्या वर राहिली आणि शेवटची कसोटी त्यानं वयाच्या तेविसाव्या वर्षी खेळली. हे नाव अशुभ म्हणून काढलेलं नाही. उलट, जैस्वालनं कुठला पल्ला गाठला आहे हे त्यातून नीट कळतं. तेवीस ओलांडून तो पुढे आला, आणि वेगवान गोलंदाजीनं पहिल्यांदा घेरल्यावर काय करायचं याचं उत्तर त्याच्याकडे निघालं.

ते उत्तर पर्थचं आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या त्याच्या पहिल्याच कसोटीत पहिल्या डावात स्टार्कच्या चेंडूवर ड्राइव्ह मारायला गेला आणि गलीत झेल देऊन शून्यावर परतला. भारत १५० मध्ये गारद. ऑस्ट्रेलिया त्याहून वाईट, १०४. दुसऱ्या डावात जैस्वाल उतरला तो वेगळा माणूस होऊन. ज्या टप्प्यावरचा चेंडू आदल्या दिवशी त्यानं ड्राइव्ह केला होता, तसले चेंडू त्यानं निमूट सोडायला सुरुवात केली. पुढचा पाय अर्धाच टाकायचा, चेंडू जास्तीत जास्त जवळ येऊ द्यायचा, बॅटवर आला तर सैल हातांनी जमिनीवर मारायचा. दिवसअखेर तो १९३ चेंडूंत ९० वर नाबाद होता. त्याच दिवशी त्यानं स्टार्कला सुनावलं की चेंडू फारच हळू येतोय. हे जरा जास्तच झालं, आणि पुढे त्याची किंमतही त्यानं मोजली. पण दुसऱ्या दिवशी शतक कसं पूर्ण केलं ते पाहा. हेझलवूडचा आखूड चेंडू यष्टिरक्षकाच्या डोक्यावरून फाइनलेगपार, षटकार. इतका वेळ संयम दाखवायचा आणि नव्वदीत असताना अपरकट खेळायचा! राहुलबरोबरची त्याची २०१ धावांची सलामी ऑस्ट्रेलियातली भारताची सर्वांत मोठी ठरली. १९८६ मध्ये सिडनीत गावसकर आणि श्रीकांत यांनी केलेल्या १९१ धावा मागे पडल्या. डाव १६१ वर संपला. भारत २९५ धावांनी जिंकला.

किंमत म्हणालो, ती पुढच्याच कसोटीत. ॲडलेडला सामन्याचा पहिला चेंडू, स्टार्क, पायचीत, शून्य. मेलबर्नला पहिल्या डावात ८२ वर असताना कोहलीबरोबर घोळ होऊन धावचीत झाला आणि बघता बघता भारताची पडझड झाली. दुसऱ्या डावात २०८ चेंडू झुंजून ८४ वर होता, तेव्हा कमिन्सला हुक मारताना यष्टिमागे झेल दिल्याचा निर्णय लागला. स्निकोमध्ये रेघ हलली नाही, पण चेंडूची दिशा बदलल्याचं डोळ्यांना दिसत होतं आणि तिसऱ्या पंचांनी डोळ्यांवर विश्वास ठेवला. त्यावर भारतात बरीच आरडाओरड झाली. माझ्या मते निर्णय बरोबर होता. त्याच सामन्यात त्यानं तीन झेल सोडले, याची आरडाओरड मात्र त्या मानानं कमी झाली.

त्याच्या क्षेत्ररक्षणाबद्दल गुळमुळीत लिहिण्यात अर्थ नाही. जून २०२५ मध्ये लीड्सला त्यानं पहिल्या दिवशी शतक केलं आणि नंतर सामन्यात चार झेल सोडले. त्यातला एक डकेटचा, तो ९७ वर असताना. डकेटनं १४९ केल्या, इंग्लंडनं ३७१ चा पाठलाग पूर्ण केला. शतक करूनही सामना हातून घालवल्याचं माप आपल्या पदरात पडू शकतं, हे त्या पाच दिवसांत त्याला कळलं असेल. धावांसाठी हाक देण्याचंही तसंच. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्लीत वेस्ट इंडिजविरुद्ध १७५ वर असताना तो पुन्हा धावचीत झाला, या वेळी समोर गिल होता. मोठ्या धावसंख्येवर दोनदा असं होतं, तेव्हा प्रत्येक वेळी चूक समोरच्याचीच असते असं मानायला मी तयार नाही.

आणि तोंड. सप्टेंबर २०२२ मध्ये कोइम्बतूरला दुलीप करंडकाच्या अंतिम सामन्यात पश्चिम विभागाकडून त्यानं २६५ धावा केल्या. शेवटच्या दिवशी फलंदाजाजवळ क्षेत्ररक्षण करताना तो दक्षिणेच्या रवी तेजाला सतत काहीबाही बोलत राहिला. पंचांनी समज दिली, तरी थांबेना. तेव्हा त्याच्याच कर्णधारानं, अजिंक्य रहाणेनं, त्याला मैदानाबाहेर पाठवलं. सामना त्यानंच जिंकून दिला होता, सामन्याचा मानकरीही तोच ठरला, आणि तरी त्याला बाहेर पाठवलं. माझ्या दृष्टीनं मुंबईच्या क्रिकेटची खरी शाळा ती. खडूसपणा धावांत दाखवायचा, तोंडानं नाही.

गोव्याचा प्रसंग इथं टाळून चालणार नाही. एप्रिल २०२५ मध्ये जैस्वालनं मुंबई क्रिकेट संघटनेकडे ना-हरकत प्रमाणपत्र मागितलं. पुढच्या मोसमात त्याला गोव्याकडून खेळायचं होतं. मुंबईत अनेकांना हा कृतघ्नपणा वाटला, गोव्यात अर्थातच आनंद झाला. महिनाभरात त्यानं अर्ज मागे घेतला. आतलं कारण काहीही असो, तेवीस वर्षांच्या व्यावसायिक खेळाडूनं दुसऱ्या संघाचा विचार करणं हा गुन्हा नव्हे. मुंबईनं त्याला घडवलं हे खरं, तसं मुंबईनं त्याला डेअरीतून बाहेरही काढलं होतं. हे शहर कुणाकडून कृतज्ञतेची पावती मागत नाही, निदान मागू नये.

सध्या प्रतिस्पर्ध्यांना त्याचा एक धागा सापडला आहे. डावखुऱ्या वेगवान गोलंदाजानं चेंडू ऑफस्टंपबाहेर, कट मारण्याइतकी जागा आहे असं भासेल अशा टप्प्यावर टाकायचा. तळेगावला घोटलेला तोच कट त्याला गोत्यात आणतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या मार्को यान्सननं कोलकाता आणि गुवाहाटीत त्याला सतावलं. गुवाहाटीच्या दुसऱ्या डावात तर तो कट मारायला जाऊनच यष्टिमागे सापडला. भारत दोन्ही कसोटी हरला. काही दिवसांनी, ६ डिसेंबरला, विशाखापट्टणमला त्याच संघाविरुद्ध त्यानं वन-डेतलं पहिलं शतक केलं, १२१ चेंडूंत नाबाद ११६. सुरुवात पाहून वाटत होतं, हा आज कुठल्याही क्षणी जाईल. वन-डेत त्याची लय अजून बसलेली नाही, हे त्याच्या हालचालींत दिसत होतं. मग त्यानं तेच केलं जे बंगळुरूत केलं होतं : कट मारणं जवळजवळ बंद, थांबणं, समोरच्या रोहितला मारू देणं. अर्धशतकानंतर हात मोकळे सोडले. टी-ट्वेंटीत मात्र त्याची गोष्ट विचित्र झाली आहे. तेरा चेंडूंत अर्धशतक करणारा हा फलंदाज २०२४ च्या विश्वचषकाच्या संघात होता आणि एकही सामना न खेळता परतला. त्या जागेसाठी आता रांग लांब आहे.

त्यामुळे त्याला ‘आयपीएलची पैदास’ म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही, आणि ‘जुन्या मुंबईचा वारसदार’ म्हणणाऱ्यांशीही पूर्ण जमत नाही. पहिल्यांना रोसोचे ३८७ चेंडू दिसत नाहीत, दुसऱ्यांना अँडरसनचे तीन षटकार पचत नाहीत. माझं मत विचाराल तर आजच्या घडीला भारतात कसोटी सलामीवीर म्हणून त्याच्या तोडीचा दुसरा नाही. स्लिपमधल्या हातांना काही तरी इलाज करावा लागेल आणि यान्सनच्या कोनाला उत्तर शोधावं लागेल. दोन्ही कामं सरावाची आहेत, आणि सरावाला हा मुलगा कधी कंटाळल्याचं ऐकिवात नाही.

वाचकांना एकच विनंती. आता पुढची पानं वाचताना द्विशतकांचे भाग आधी उघडण्याचा मोह होईल. तो आवरा आणि बंगळुरूच्या १८१ पासून सुरुवात करा. त्या डावाचं थेट प्रक्षेपण फार कमी लोकांनी पाहिलं असेल, पण राजकोट आणि पर्थ समजून घ्यायचे असतील तर त्याच्या शून्यावरच्या चोपन्न चेंडूंपासूनच निघावं लागतं.